गांधीजींनी सूट दिलेलं यंत्र

१९२४ साली शांतिनिकेतनात शिकणारे रामचंद्रन नावाचे एक तरुण गांधीजींना भेटले आणि त्यांनी सरळच विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? महादेवभाई देसाईंनी टिपून घेतलेला हा संवाद त्याच वर्षी नोव्हेंबरात 'यंग इंडिया'त छापून आला. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा, की विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. काही यंत्रांना मी अपवाद करीन. उदाहरण म्हणून त्यांनी नाव घेतलं ते सिंगरच्या शिवणयंत्राचं. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालत बसलेली पाहिली आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी हे यंत्र शोधलं, ही कथाही त्यांनी सांगितली.

रामचंद्रन यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला. ही शिवणयंत्रं बनवायला कारखाना लागेल, आणि त्यात मोठी यंत्रं असणारच, त्यांचं काय? गांधीजी म्हणाले, हो, असणार. पण असे कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यातले असावेत, आणि तिथल्या कामगारांना उत्तम परिस्थितीत काम करता आलं पाहिजे.

या सदरात आपण आतापर्यंत मोटारी, वीज, पोलाद यांच्या अमेरिकन कंपन्या पाहिल्या. सिंगर त्या सगळ्यांपेक्षा जुनी आणि आपल्या घरांत त्या सगळ्यांच्या आधी पोचलेली. तरी तिची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बहुधा मशीन बायकांचं म्हणून असेल.

प्रेमकथेचं आधी उरकून टाकू. आयझॅक मेरिट सिंगर हा मुळात नट. गावोगाव नाटकं करत फिरायचा आणि पैसे संपले की यंत्रांच्या दुकानात कामाला लागायचा. खडक फोडायच्या यंत्राचं एक पेटंट त्याने नाटक कंपनी काढण्यासाठी विकलं होतं. १८५० मध्ये तो बॉस्टनमधल्या ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात होता. तिथे दुसऱ्याच कुणाच्या बनावटीची शिवणयंत्रं दुरुस्तीला यायची, कारण ती सारखी बिघडायची. त्यांचं शटल गोल फिरे आणि दोऱ्याला पीळ पडे. सिंगरने शटल सरळ रेषेत पुढेमागे जाईल असं केलं, सुई आडवी होती ती उभी केली, खाली कापड ठेवायला सपाट पाट दिला. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला पेटंट मिळालं. बायकोचे कष्ट वगैरे यात कुठेच नाहीत. उलट न्यूयॉर्कमध्ये या गृहस्थांचे एकमेकांना माहीत नसलेले एकाहून अधिक संसार चालू होते. १८६० मध्ये भर रस्त्यात हे उघडकीला आलं, गवगवा झाला आणि तो युरोपला निघून गेला. पुढे इंग्लंडच्या किनाऱ्यावर मोठा वाडा बांधून तिथेच १८७५ मध्ये वारला. मुलं एकूण चोवीस.

गांधीजींपर्यंत ती गोड कथा कुठून पोचली असेल याचा मी बराच विचार केला. यंत्र विकणाऱ्यांना अशी कथा सोयीची होती, एवढं नक्की.

शिवणयंत्राचा मूळ शोधही सिंगरचा नाही. सुईचं नेढं बोथट टोकाऐवजी अणकुचीदार टोकाजवळ ठेवायचं, आणि खालच्या शटलमधला दुसरा दोरा वरच्या दोऱ्याच्या फासातून काढून टाका पक्का करायचा, या रचनेचं पेटंट एलायस हाव याच्याकडे १८४६ पासून होतं. त्याने सिंगरवर दावा लावला आणि जिंकला. सिंगरच्या कंपनीला १५,००० डॉलर भरावे लागले. तोवर या धंद्यातल्या प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकावर दावा लावलेला होता. चांगलं मशीन बनवायचं तर चार-पाच जणांची पेटंटं लागत, आणि कुणीच कुणाला देत नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असे खटले नेहमीचे आहेत, म्हणून हे वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं. १८५६ मध्ये तोडगा निघाला. हाव आणि तीन मोठ्या कंपन्यांनी आपली पेटंटं एकत्र ठेवली. ज्याला मशीन बनवायचं त्याने दर मशीनमागे ठरलेली रक्कम द्यायची आणि ती या चौघांनी वाटून घ्यायची. ही व्यवस्था १८७७ पर्यंत चालली. हाव त्यावर श्रीमंत झाला.

म्हणजे शोध दुसऱ्याचा, यंत्र सुधारलेलं असलं तरी एकमेव नाही. त्या काळी व्हीलर अँड विल्सनची मशिनं जास्त सुबक होती आणि त्यांचा कारखानाही पुढारलेला होता. सिंगरचे भाग १८८० च्या आसपासही कामगार हाताने कानशीने घासून एकमेकांत बसवत. एका मशीनचा भाग दुसऱ्यात बसेल याची खात्री नसे, म्हणून भागांवर त्या त्या मशीनचा नंबर ठोकावा लागे. १८८० मध्ये वर्षाला पाच लाख मशिनं विकणारी कंपनी, आणि भाग असे घासून बसवलेले! मग ती सगळ्यांच्या पुढे गेली कशी?

त्याचं उत्तर एडवर्ड क्लार्क नावाच्या वकिलात आहे. पेटंटाच्या भांडणांत सिंगरकडे त्याची फी द्यायला पैसे नव्हते, म्हणून फीऐवजी क्लार्क भागीदार झाला. सोवळा माणूस, सिंगरच्या भानगडी त्याला अजिबात खपत नसत. (न्यूयॉर्कमधली 'डकोटा' ही प्रसिद्ध इमारत, जिथे पुढे जॉन लेनन राहायचा, ती याच क्लार्कने बांधायला घेतली होती.) मशीनची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या वर होती आणि साध्या कुटुंबाची वर्षाची कमाई पाचशेच्या आसपास. नवरा म्हणणार, बाई फुकट शिवते आहे तर शंभर डॉलर का घालू? क्लार्कने १८५६ मध्ये हप्ते सुरू केले. पाच डॉलर आधी भरायचे, मशीन घरी न्यायचं, उरलेले दरमहा थोडे थोडे. शेवटचा हप्ता भरेपर्यंत मशीन कंपनीचं. १८५५ मध्ये सिंगरने ८८३ मशिनं विकली होती, १८५६ मध्ये २,५६४. पुढच्या वर्षी त्याने जुनं मशीन, कुठल्याही कंपनीचं, आणून द्या आणि नव्यावर ५० डॉलर सूट घ्या अशी योजना काढली. जुनी मशिनं आली की फोडून टाकत, म्हणजे ती स्वस्तात पुन्हा बाजारात फिरायला नकोत. दिवाळीत आपल्याकडे फ्रिजच्या दुकानांवर लागणाऱ्या फलकांचं मूळ इथे आहे.

पण हप्ता एकटा पुरत नाही. हप्ता म्हटला की तो वसूल करायला कुणीतरी घरी आलं पाहिजे. सिंगरने स्वतःची दुकानं काढली, त्यांत मुली बसवून शिवून दाखवलं, शिकवण्याचे वर्ग घेतले, आणि गावोगाव माणसं नेमली. एक माणूस विकायचा, एक हप्ता घ्यायला यायचा, एक दुरुस्ती करायचा. लहान गावात तिन्ही कामं एकच माणूस करायचा. वसुलीला आलेल्या माणसालाच कळायचं की दोरा तुटतोय, तेल घातलेलं नाही, पट्टा सैल झालाय. तो तिथेच बसून ठीक करून द्यायचा, कारण मशीन चाललं तरच हप्ता येणार. माझ्या मते सिंगरचा खरा शोध हा. विक्रेत्याचा स्वार्थ आणि वापरणाऱ्या बाईची गरज यांची सांगड बसली होती. आज आम्ही विकतो त्या सॉफ्टवेअरलाही दरमहा पैसे असतात, पण तिथे शेवटचा हप्ता कधी येतच नाही, आणि बिघडलं तर दारात कुणी येत नाही.

हिंदुस्थानात सिंगरचा कारभार दीर्घ काळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. त्यांच्यापुढचा प्रश्न अमेरिकेत कुणाला पडला नसता. जिथे बायका नऊवारी नेसतात, पुरुष धोतर आणि उपरणं वापरतात, तिथे शिवायचं काय? पण बंडी, अंगरखा, पोलकं, झबलं, टोपडं, शिवाय सैन्याचे आणि शाळांचे कपडे, असं बरंच काही होतं. सगळ्यात आधी मशीन घेतलं ते शिंप्यांनी. हातमशीन ओट्यावर ठेवून बसलं की झालं, वीज लागत नाही. घराघरांत ते हळूहळू शिरलं. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' काढली, तिने हे काम जास्त जोरात केलं. पण उषाची मशिनं, त्यांची विक्री, त्यांच्या शिवणशाळा या सगळ्यांवर सिंगरची छाप होती.

आमच्या घरी उषाच होतं, पायमशीन. बाबांची नोकरी सुटली तेव्हा मी सातवीत होतो. आईने दांडिया बाजारातल्या एका दुकानातून हप्त्यावर मशीन आणलं. एक वही केली होती; डाव्या पानावर ब्लाउज आणि परकर, उजव्या पानावर भरलेले हप्ते. डावं पान उजव्यापेक्षा जास्त भरलं पाहिजे एवढाच तिचा हिशोब. सणासुदीला रात्री दीडपर्यंत पायडलचा आवाज यायचा आणि त्या आवाजात मी अभ्यास करायचो. त्याची इतकी सवय झाली होती की आवाज थांबला की माझं लक्ष उडायचं. हप्ते दोन वर्षांत फिटले. माझ्या बी.ई.च्या फीचा बराच भाग मात्र त्यानंतरही त्याच मशीनवरून आला. म्हणून कुणी ईएमआयला सरसकट नावं ठेवतं तेव्हा मला गप्प बसवत नाही.

तरी याची दुसरी बाजूही लिहायला हवी. १८६१ च्या सुमाराला व्हीलर अँड विल्सनने हिशोब मांडला होता, की पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला चौदा तासांहून जास्त लागतात, मशीनवर सव्वा तास. वाचलेले तेरा तास बाईला मिळाले का? घरातलं शिवण शिवणाऱ्या बाईला काही प्रमाणात मिळाले. पण पोटासाठी शिवणाऱ्या बाईचा नगामागचा दर उतरला. न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत काम देणारे कंत्राटदार सांगत, मशीन तुझं तू आण. म्हणजे हप्ता तिचा, दोरा तिचा, आणि दर त्याचा. कारखानदाराने भांडवल घालायचं ते इथे सर्वांत गरीब माणसाने घातलं, तेही कर्ज काढून. आज स्वतःच्या मोटरसायकलवर घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलांचं याहून वेगळं नाही.

आता रामचंद्रन यांच्या प्रश्नाकडे वळतो: ही यंत्रं बनायची तो कारखाना. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावात कंपनीचा मोठा कारखाना १८७३ पासून होता. पण सगळ्यात मोठा झाला तो स्कॉटलंडमधला, ग्लासगोजवळ क्लाइडबँकला, १८८५ मध्ये सुरू झालेला. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ लंडनच्या बिग बेनपेक्षा मोठं होतं, आणि कामगारांच्या गाड्या थांबत त्या स्टेशनाचं नावच 'सिंगर'. ते स्टेशन आजही त्याच नावाने आहे. १९१३ मध्ये तिथे वर्षाला सुमारे १३ लाख मशिनं बनत होती.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तिथे मशीनच्या लाकडी कपाटांना पॉलिश करणाऱ्या बायकांचा एक गट होता. काम वाढवायचं आणि माणसं कमी करायची, असा हिशोब वरून आला. उरलेल्या बारा जणींवर कमी केलेल्या बायकांचंही काम पडलं. मार्च १९११ मध्ये या बारा जणी काम सोडून बाहेर पडल्या. त्यांच्यामागे इतके लोक बाहेर आले की काही दिवसांत कारखान्यातले जवळपास सगळे, म्हणजे दहा हजारांहून जास्त कामगार संपावर होते. तीन आठवड्यांत संप मोडला. नंतर सुमारे चारशे जणांना कंपनीने काढून टाकलं, त्यांत पुढारपण केलेले झाडून सगळे. बायकांचे कष्ट वाचवणारं यंत्र बनवताना बायकांवरच काम लादलं गेलं, आणि पहिला विरोधही त्यांनीच केला. गांधीजींनी कामगारांच्या परिस्थितीची जी अट घातली, ती इथे पाळली गेली नव्हती.

त्यांची दुसरी अट, सरकारी मालकीची, एका ठिकाणी अक्षरशः खरी झाली. रशियात मॉस्कोजवळ पोदोल्स्कला सिंगरचा कारखाना १९०२ पासून चालू होता. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी तो ताब्यात घेतला. कंपनीला तिथे मोठा फटका बसला, पण शिवणयंत्रं तिथे पुढेही निघत राहिली, नाव बदलून. गांधीजी आणि रामचंद्रन बोलत होते तेव्हा हे होऊन गेलेलं होतं. त्यांच्या त्या संवादात मात्र त्याचा उल्लेख नाही.

कंपनीचा माज सर्वांत जास्त १९०८ मध्ये दिसला. न्यूयॉर्कमध्ये ४७ मजल्यांची, ६१२ फूट उंच सिंगर इमारत उभी राहिली. वर्षभर ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. १९६७-६८ मध्ये ती पाडली. तिच्या जागी नवी इमारत बांधली ती युनायटेड स्टेट्स स्टीलने.

पडझडीची कारणं ओळखीची आहेत, त्यामुळे भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी सिंगरचीच एक जुनी, साधी बनावट नमुना म्हणून घेतली, तिचे भाग आपसांत एकसारखे ठरवून घेतले आणि स्वस्त मशिनं अमेरिकेत आणली. त्यांच्यावर नावं छापली अमेरिकन वाटतील अशी. शिवाय तयार कपडे इतके स्वस्त झाले की अमेरिकन बाईला घरी शिवण्याचं कारण उरलं नाही. १९५८ मध्ये डॉनल्ड किर्चर अध्यक्ष झाले. त्यांनी ठरवलं की शिवणयंत्राला भविष्य नाही, त्यातून येणारा पैसा दुसरीकडे लावायचा. १९६३ मध्ये फ्रायडन ही गणनयंत्रांची कंपनी घेतली, १९६८ मध्ये जनरल प्रिसिजन. तिच्याबरोबर वैमानिकांना जमिनीवर शिकवणारी लिंक सिम्युलेटर आली. मग 'सिस्टिम टेन' नावाचा संगणक काढला, मोठ्या दुकानांसाठी इलेक्ट्रॉनिक गल्ले काढले. होय, सिंगरने संगणक बनवले होते! आणि ते अगदी टाकाऊही नव्हते. पण त्या धंद्यात आयबीएमसमोर टिकायला लागणारा पैसा आणि धीर शिवणयंत्रांच्या कमाईत नव्हता. १९७५ मध्ये संगणकाचा धंदा गुंडाळायचं ठरलं आणि त्या एका वर्षाचा तोटा ४० कोटी डॉलरच्या वर गेला. उरलेलं बरंचसं ब्रिटनच्या आयसीएलने घेतलं.

क्लाइडबँक १९८० मध्ये बंद झालं, एलिझाबेथ १९८२ मध्ये. आणि १९८६ मध्ये सिंगर कंपनीने शिवणयंत्रांचा विभागच वेगळा काढून टाकला. त्यानंतर जी 'सिंगर' राहिली ती सैन्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी कंपनी होती. शिवणयंत्राशी तिचा काही संबंध नव्हता. दोन वर्षांत पॉल बिल्झेरियन या गुंतवणूकदाराने ती सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली आणि तुकडे करून विकली. १९८९ मध्ये तो, सिंगरशी संबंध नसलेल्या दुसऱ्या शेअर व्यवहारांतल्या फसवणुकीबद्दल, दोषी ठरला. भविष्य असलेले धंदे असे दोन वर्षांत संपले. ज्याला भविष्य नाही म्हणून बाहेर काढलं तो शिवणयंत्राचा धंदा मात्र मालक बदलत, एकदा दिवाळखोरीतूनही जाऊन, अजून चालू आहे. नाव सिंगरच.

मला सॉफ्टवेअरवाला म्हणून यात सर्वांत गंमत वाटते ती सुईची. मांडवीतल्या शिवणसामानाच्या दुकानात घरगुती मशीनची सुई मागितली तर जी पाकिटं पुढे येतात त्यांवर बहुधा 'एचए बाय एक' किंवा 'पंधरा बाय एक' असं छापलेलं असतं. त्यातला पंधरा म्हणजे सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या मशीनचा वर्ग. जपान्यांनी नमुना म्हणून घेतला तो हाच. त्यामुळे ती सुई उषात बसते, जपानी मशीनमध्ये बसते, नव्या इलेक्ट्रॉनिक मशिनांतही बसते. वेगवेगळ्या कंपन्यांची मशिनं आज एकच सुई वापरतात, आणि त्यासाठी कुणाला परवाना काढावा लागत नाही. पेटंटांच्या भांडणातून जन्मलेल्या कंपनीचं हे सर्वांत जास्त पसरलेलं काम, आणि त्यातून तिला एक पैसाही मिळत नाही.

तुमच्या घरी, माळ्यावर किंवा गावाकडच्या ओसरीत, जुनं काळं सिंगर असेल तर त्याच्या पाटावर एक छोटी नंबरपट्टी शोधा. १९०० नंतरच्या मशिनांवर आकड्याच्या आधी एक किंवा दोन रोमन अक्षरं असतात, आणि त्यांवरून मशीन कुठल्या कारखान्यात, साधारण कुठल्या वर्षी बनलं ते काढता येतं. वाय अक्षर असेल तर ते क्लाइडबँकचं, जी असेल तर एलिझाबेथचं. पट्टीवर तेल-धूळ बसलेली असते. रॉकेलचा बोळा फिरवा, घासू नका. नंबर आणि मशीन घरात कसं आलं ते थोडक्यात लिहून संपादकांकडे पाठवा. वर्ष मी काढून देईन. पुढच्या अंकात कोडॅक.